मॉडेल रेल्वेच्या खोलीत सामान कसं लावायचं

मॉडेल रेल्वेचा छंद बहुतेकांचा एका स्टार्टर सेटने सुरू होतो. एक इंजिन, दोन-चार कोच, रुळांचं एक वर्तुळ. वर्षभरात त्याच खोलीत फ्लेक्स ट्रॅक (हवे तसे वळवता येणारे रूळ), वायरची भेंडोळी, रंगाच्या बाटल्या, अर्धवट स्टेशन आणि गवताची पाकिटं येऊन पडतात. मग एखाद्या संध्याकाळी तासभर मोकळा मिळतो आणि त्यातला पाऊण तास रेल जॉइनर (दोन रूळ जोडायच्या चिमुकल्या पट्ट्या) शोधण्यात जातो. कितीतरी लोक याच टप्प्यावर छंद सोडतात. आवड संपते म्हणून नाही, तर हात लावायला गेलं की पसारा समोर येतो म्हणून. हे टाळता येतं, आणि त्यासाठी महागडं फर्निचर लागत नाही.

सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवून टाका. सामान वस्तूंच्या जातीप्रमाणे नाही, कामाप्रमाणे लावायचं. आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची हे आपल्या हवेकडे बघून ठरवायचं. अमेरिकेत किंवा युरोपात लिहिलेले सल्ले बहुधा तिथल्या तळघरांसाठी आणि माळ्याच्या खोल्यांसाठी असतात. आपल्याकडे ठाण्यात, रत्नागिरीत किंवा पणजीत जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा माळा तापतो. ते सल्ले जसेच्या तसे उचलले तर नुकसान होतं.

खालची मापं एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ ची आहेत. एन प्रमाण १:१६० चं असतं, त्यामुळे एनवाल्यांनी जवळपास निम्मी मापं धरावीत. एचओ की एन हेच अजून ठरलं नसेल तर आधी चालती मॉडेलं जवळून बघून या (पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे) आणि तोवर कपाटं-ड्रॉवर घेऊ नका.

१. सगळं बाहेर काढा आणि कामाप्रमाणे ढीग करा

जमिनीवर फिकट रंगाची चादर अंथरा. गडद सतरंजीवर कपलरची (डबे जोडायच्या आकड्याची) स्प्रिंग पडली की ती परत सापडत नाही. आता पाच ढीग करा: रूळ, वीज, गाड्या, सीनरी, इमारती. रंग आणि गोंद यांचा सहावा ढीग वेगळा, कारण त्यांना वेगळी काळजी लागते.

इथे नवखे लोक सगळे स्क्रू एका डबीत आणि सगळ्या पकडी एका खोक्यात भरतात. दिसायला ते नीटनेटकं दिसतं, पण काम करताना छळतं. बोगी, म्हणजे कोचखालचा चाकांचा सांगाडा, बसवायचा बारीक स्क्रू गाड्यांच्या ढिगात जायला हवा आणि रूळ ठोकायचा खिळा रुळांच्या. निडल फाइल (बारीक कानस) रूळ घासायलाही लागते आणि किटचे प्लॅस्टिक भाग साफ करायलाही. मग स्वस्तातल्या दोन घ्या आणि एकेक दोन्हीकडे ठेवा. रोज खोलीभर फिरण्यापेक्षा ते परवडतं. महागडी हत्यारं मात्र एकच असणार: रूळ कापायची पक्कड, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर. त्यांची जागा टेबलाजवळच्या भिंतीवर, डोळ्यांसमोर.

अर्धवट कामं कुठल्याच ढिगात टाकू नका. प्रत्येकाला स्वतंत्र झाकणाचा डबा द्या आणि आत एक चिठ्ठी ठेवा: काय झालं, काय राहिलं, पुढची पायरी कोणती. चार महिन्यांनी तो डबा उघडाल तेव्हा चिठ्ठी नसेल तर किट नव्याने समजून घेण्यातच दिवस जाईल.

२. खोलीच्या भिंती ओळखा

कपाट हलवण्याआधी एक पावसाळा आठवा. कुठली भिंत ओली होते? बहुतेक इमारतींत पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची, कारण पावसाचा मारा तिकडून. त्या भिंतीला गाड्यांचं कपाट लावू नका. पर्यायच नसेल तर भिंत आणि कपाट यांत दोन-तीन इंच फट सोडा, म्हणजे मागून हवा खेळेल, आणि तळाला विटा किंवा लाकडी ठोकळे द्या.

माळ्यावर काय चालतं? गाड्यांची रिकामी मूळ खोकी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. ती फेकू नका. पुढे गाडी विकायची झाली तर मूळ खोक्यामुळे किंमत चांगली येते. माळ्यावर काय चालत नाही? स्प्रे कॅन, थिनर, तयार इमारती आणि थ्री-डी प्रिंट केलेले भाग. स्प्रे कॅनवर ५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात तापलेल्या स्लॅबला चिकटून ठेवलेल्या कॅनवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. रेझिनचे पातळ भाग उन्हाळ्यात वाकतात. खिडकीतून थेट ऊन येणारा शेल्फही टाळा, कारण रंग फिके पडतात आणि पांढरं प्लॅस्टिक पिवळं होतं.

लेआउटच्या, म्हणजे रूळ मांडलेल्या फळीच्या, खालची जागा खोलीतली सगळ्यात मोठी मोकळी जागा असते, म्हणून ती ठासून भरायचा मोह होतो. ठासू नका. तिथे पॉइंट मोटर (गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याची, म्हणजे पॉइंटची मोटर), बस वायर (लेआउटभर वीज नेणारी मुख्य वायर), टर्मिनल असतात आणि कधी ना कधी तुम्हाला उताणं झोपून हात वर घालावा लागणारच. तिथलं सगळं सामान चाकांच्या ट्रॉलीवर ठेवा, पक्के शेल्फ ठोकू नका. ट्रॉलीची उंची अशी हवी की लेआउटच्या तळापासून वीतभर अंतर राहील, नाहीतर आत-बाहेर करताना लोंबणारी वायर अडकून तुटते. समोरून वेल्क्रोने सुती पडदा लावला की धूळ कमी होते आणि खोलीही बरी दिसते.

३. गाड्या: सगळ्यात जास्त विचार इथे करा

पैसा इथेच अडकलेला असतो आणि नुकसानही इथेच सहज होतं. आधी मापं पाहा. खरा आयसीएफ (जुन्या धाटणीचा) कोच सुमारे २१.३ मीटर लांब असतो, एलएचबी (नव्या धाटणीचा) सुमारे २३.५ मीटर. १:८७ मध्ये ते अनुक्रमे साडेचोवीस आणि सत्तावीस सेंटिमीटर होतात. म्हणून ड्रॉवर आतून किमान ३० सेंटिमीटर खोल हवा. बाजारातले कागदपत्रांचे छोटे ड्रॉवर बरेचदा याहून उथळ असतात आणि घरी आणल्यावर कोच तिरका ठेवावा लागतो. एलएचबी कोचची रुंदी प्रमाणात पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास येते. मध्ये एक सेंटिमीटरची फोमपट्टी आणि थोडी सूट धरली तर एका कोचला पाच सेंटिमीटर लागतात. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद ड्रॉवरमध्ये बारा कोच उभ्या रांगेत बसतात. ड्रॉवर आतून सात-आठ सेंटिमीटर उंच असला की पुरे.

कोच प्रकाराप्रमाणे नाही, रेकप्रमाणे, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या गाडीप्रमाणे, लावा. गाडीत जो क्रम तोच ड्रॉवरमध्ये. खरी बावीस कोचची एलएचबी गाडी एचओमध्ये सहा मीटरच्या जवळ जाते, त्यामुळे घरी बहुतेक जण सहा-आठ कोचचाच रेक चालवतात. तेवढा एका ड्रॉवरमध्ये मावतो आणि इंजिनाला जागाही उरते. ड्रॉवर उघडला की अख्खी गाडी हाताशी.

आता फोम. गादीतला पिवळा स्पंज, म्हणजे पीयू फोम, काही वर्षांत चुरा होतो आणि चिकट होऊन रंगाला बसतो. पॅकिंगवाल्यांकडे मिळणारा पांढरा ईपीई फोम वापरा. रेक्झिन किंवा मऊ पीव्हीसी शीटचं अस्तर लावू नका, त्यातला मऊपणा देणारा द्रव बाहेर येऊन रंग खातो. बबल रॅप थेट गाडीवर गुंडाळला आणि महिनोन्‌महिने तसाच राहिला तर गोल डाग उठतात. आधी आम्लरहित टिश्यू कागद, मग हवं तर बबल रॅप. वर्तमानपत्राची शाई फिकट रंगाच्या कोचवर उतरते, म्हणून तेही नको.

आणि डांबरगोळ्या! आपल्या घरांत कपाट म्हटलं की डांबरगोळी टाकायची सवय असते. गाड्यांच्या कपाटात एकही टाकू नका. या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करू शकते, आणि बहुतांश मॉडेलं त्याच प्लॅस्टिकची असतात. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण प्रेमाने कुणीतरी टाकणारच. कसर आणि झुरळं पुठ्ठ्याच्या आसऱ्याने येतात. पुठ्ठा कमी केला आणि झाकण घट्ट ठेवलं की त्रास बराच घटतो.

इंजिनांचं थोडं वेगळं आहे. ज्या इंजिनांच्या चाकांवर रबरी ट्रॅक्शन टायर असतात ती महिनोन्‌महिने रुळांवर उभी ठेवली तर रबर एका जागी चपटं होतं आणि गाडी चालताना ठक-ठक करते. ती फोममध्ये आडवी निजवा. नाक खाली करून उभी ठेवायची नाहीत, तेल उतरून मोटरमध्ये जातं. जुनं, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाआधीचं ओतीव धातूचं मॉडेल हाती आलं आणि त्याला केसासारख्या भेगा दिसल्या, तर ते जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे मिसळलं गेल्याने आलेलं दुखणं असू शकतं. ते बरं होत नाही आणि दमट हवेत वाढतं. असं मॉडेल कोरड्या जागी ठेवा.

कोरडेपणासाठी प्रत्येक ड्रॉवरमध्ये सिलिका जेलची पुडी हवीच. रंग बदलणारी घ्या. निळी ओल शोषून गुलाबी होते, केशरी हिरवी होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून घरात केशरीच बरी. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-एक तास ठेवली की ती पुन्हा कामाला येते, पण स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. दोनशे-तीनशे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला तर उत्तम. ६५ च्या वर जाऊ लागला की पुड्या बदला.

४. रूळ

फ्लेक्स ट्रॅकची एक लांबी साधारण ९१४ मिलिमीटर, म्हणजे एक यार्ड. कपाटावर नुसते टाकले तर ते वाकतात आणि टोकाचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) तुटतात. प्लंबरकडून तीन-चार इंची पीव्हीसी पाइप मीटरभर कापून आणा, एका टोकाला टोपण बसवा आणि लेआउटच्या चौकटीला आडवा बांधा. खोलीची एक इंचही जागा जात नाही.

रुळांवर कोड १००, कोड ८३, कोड ७५ असे आकडे असतात. ही रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर. रेल जॉइनर त्या त्या कोडचेच नीट बसतात. जॉइनर कोडप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डबीवर मोठ्या अक्षरांत कोड लिहा. एचओमध्ये माथेरानसारखी अरुंद गाडी करणाऱ्यांकडे ९ मिलिमीटरचे एनचे रूळही असतात. तो सगळा संसार दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली.

पॉइंट एकावर एक रचू नका. त्यांच्या हलत्या पट्ट्या नाजूक असतात. मूळ पाकिटात, फाइलसारखे उभे ठेवा.

५. वीज

वायरच्या रिळांसाठी जुना पडद्याचा रॉड पुरतो. भिंतीला लावा, रिळं ओवा, ओढा आणि कापा. बससाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि रुळाला जोडायच्या छोट्या तुकड्यांसाठी बारीक हुकअप वायर, एवढ्यावर घरगुती लेआउट निघतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं. रंग पहिल्याच दिवशी ठरवा: रुळांचा बस लाल-काळा, दिव्यांसाठी दुसरी जोडी, पॉइंट मोटरसाठी तिसरी. हे एका कार्डावर लिहून लेआउटच्या खाली चिकटवा. एखादा रंग संपला म्हणून दुसरा लावण्यापेक्षा काम दोन दिवस थांबवा.

रेझिस्टर झिपच्या छोट्या पाकिटांत, ओहमचा आकडा बाहेर लिहून. १२ व्होल्टवर एक एलईडी लावायला १ किलोओहमचा चालतो, तेच पाकीट सगळ्यात जाड असू द्या. डीकोडर (इंजिनात बसवायचे डिजिटल नियंत्रणाचे सर्किट) मात्र त्यांच्या मूळ अँटिस्टॅटिक पिशवीतच. सोल्डरिंगला रोझिन फ्लक्स वापरा. पत्राकाम करणाऱ्यांचा आम्लाचा फ्लक्स वायरिंगला वापरायचा नाही आणि हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचाही नाही, त्याच्या वाफेने शेजारच्या पकडी गंजतात.

६. सीनरी

सीनरीचं सामान आपल्या भागात फुकट मिळतं, हे मला या छंदातलं मोठं सुख वाटतं. कोकणातल्या देखाव्याला जांभ्याची तांबडी माती, घाटाला काळ्या दगडाचा चुरा, नदीकाठाला वाळू. माती उन्हात वाळवा, जुन्या कढईत भाजा म्हणजे किडे-बुरशी मरतात, मग आधी पिठाच्या चाळणीने आणि नंतर चहाच्या गाळणीने चाळा.

यानंतरची पायरी महाराष्ट्रात चुकवू नये. आपला काळा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहकण. हे कण रुळांजवळ पडले की इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि मोटर घासून बिघडते. एक जोरदार चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ताटात पसरलेल्या मातीवरून हळूहळू फिरवा. पिशवीला काळी, केसाळ मिशी फुटते. पिशवी उलटी करून ती झटका आणि काहीच चिकटेनासं होईपर्यंत पुन्हा फिरवा. विकतच्या बॅलास्टवरही (रुळांखालच्या खडीवरही) एकदा फिरवून पाहा. मगच बरणीत भरा आणि बरणीवर ‘चुंबक फिरवला’ अशी खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी आठवत नाही.

रुळांखालची खरी खडी ५० मिलिमीटरची धरली तर १:८७ मध्ये दाणा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा येतो. त्याहून जाड बॅलास्ट टाकला की रुळांशेजारी धोंडे पडल्यासारखं दिसतं. जाड-बारीक दाणे वेगळ्या बरण्यांत ठेवा. काचेच्या किंवा पारदर्शक बरण्याच घ्या, आतला रंग दिसायला हवा. टेबलावर काम करताना मसाल्याचा जुना डबा फार कामाचा आहे: सात वाट्यांत माती, बॅलास्ट, दोन-तीन छटांचं गवत, आणि झाकण लावलं की सगळं बंद.

स्टॅटिक ग्रासचे (स्थिर विजेने उभं करायच्या कृत्रिम गवताचे) तंतू ओलसर झाले की गोळे होतात आणि उभे राहत नाहीत, म्हणून त्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाका. प्लास्टर ऑफ पॅरिसची मोठी गोणी घेऊ नका. किलो-किलोच्या घट्ट डब्यांत ठेवा आणि पावसाळ्यानंतर वापरण्याआधी चमचाभर कालवून पाहा. कडक, खणखणीत झालं नाही तर त्या डब्यातून डोंगर उभा करू नका.

७. रंग, गोंद, थिनर

ही पायरी सुरक्षेची आहे. थिनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लॅस्टिक सिमेंट आणि स्प्रे कॅन झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीलगत, मुलांच्या हाती न लागेल अशा कुलपात ठेवा. सोल्डरिंगच्या टेबलापासून दूर, आणि त्या खोलीत देवघर असेल तर समईपासून अगदी लांब. थिनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवायचा नाही.

इन्स्टंट ग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात बाटली लवकर वाळते. ती घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसोबत घालून फ्रीजमध्ये ठेवता येते, बरणीवर ठळक लेबल लावून आणि खाण्यापासून वेगळी. वापरायच्या आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा, नाहीतर आत बाष्प धरतं. ग्लू झटपट वाळवणारं ॲक्सिलरेटर त्या बरणीत नको. आणि या ग्लूने काच किंवा चकचकीत भाग पावसाळ्यात चिकटवू नका, भोवती पांढरी धुरकट कडा येते.

फेव्हिकॉलची तितकी काळजी नको. बॅलास्टसाठी तो निम्म्याने पाणी घालून आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून पातळ करतात. हे मिश्रण त्या दिवसापुरतंच करा; साठवलं तर वास मारतं.

८. कामाचं ताट

टेबलावर कायमचं काही ठेवायचं नाही. कडा असलेली दोन-तीन स्टीलची किंवा प्लॅस्टिकची ताटं घ्या. आज बॅलास्ट टाकायचा आहे? मग ताटात बॅलास्टची बरणी, ब्रश, ड्रॉपर, फेव्हिकॉल, अल्कोहोलचा स्प्रे. काम अर्ध्यात थांबलं तर अख्खं ताट उचलून शेल्फवर. उठण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा आणि संपलेली वस्तू खरेदीच्या यादीत लगेच लिहा.

९. लेबल आणि वही

लेबलसाठी मास्किंग टेप आणि पर्मनंट मार्कर पुरेत. लेबल झाकणावर नाही, डब्याच्या समोरच्या बाजूला लावा, कारण झाकणं एकमेकांत बदलतात.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक इंजिनाला एक ओळ: वर्ग, क्रमांक, कधी घेतलं, किती रुपयांना, कुठल्या ड्रॉवरमध्ये, शेवटचं तेल कधी. डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) वापरत असाल तर इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याला हुकूम देण्याचा क्रमांकही. नवा डीकोडर कारखान्यातून पत्ता ३ घेऊन येतो. भारतीय इंजिनांचे क्रमांक पाच आकडी असतात आणि डीसीसीचा पत्ता साधारण चार आकड्यांत देतात, म्हणून शेवटचे चार आकडे घ्यायचे. डब्ल्यूएपी-४ चा क्रमांक २२५१२ असेल तर पत्ता २५१२. दोन इंजिनांचे शेवटचे चार आकडे जुळले तर एकाला वेगळा पत्ता द्या आणि तो वहीत लाल शाईने लिहा. हाच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून इंजिनाच्या फोमच्या खाचेतही ठेवा. डीकोडर रीसेट करावा लागला की तो पुन्हा ३ वर जातो, आणि तेव्हा वही शोधत बसण्यापेक्षा चिठ्ठी हाताशी असलेली बरी.